सिंहली आणि तमिळ अक्षरांत लिहिलेलं आजारपण : व्हर्जिनिया वूल्फच्या डिप्रेशनवर नजर ठेवणारा लेनर्ड

साल १९१३. लंडनमध्ये एक माणूस रोज आपल्या खिशातल्या डायरीत चार-दोन ओळी खरडायचा. रात्र कशी गेली, झोप लागली का, जेवण गेलं का, आज मन कसं होतं, एवढंच त्यात असायचं. पण ती डायरी त्याच्या घरातल्या कुणाच्याही हाती लागली असती, तरी त्यातलं एक अक्षर कळलं नसतं. कारण नोंदी इंग्रजी असल्या, तरी त्या लिहायला त्याने सिंहली आणि तमिळ अक्षरांची एक खुणेची लिपी तयार केली होती.

या माणसाचं नाव लेनर्ड वूल्फ. आणि ज्या व्यक्तीच्या तब्येतीची नोंद तो अशी लपवून ठेवत होता, ती त्याची बायको. जग तिला आज व्हर्जिनिया वूल्फ म्हणून ओळखतं.

व्हर्जिनिया वूल्फवर लिहिताना तिची पुस्तकं आणि तिचा शेवट एवढंच बहुतेक वेळा सांगितलं जातं. मधली जवळपास तीस वर्षं एक माणूस तिच्या शेजारी बसून, तिला बरं नाही हे तिच्या आधी ओळखत होता. डिप्रेशन झालेला माणूस स्वतःहून ते सांगत नाही, अनेकदा त्याला ते पटतही नाही. मग ते ओळखायचं कुणी आणि कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला व्हर्जिनियाचं आयुष्य उलगडून बघावं लागतं.

तर सुरुवात तिच्या आईपासून.

व्हर्जिनियाची आई ज्युलिया हिचा जन्म १८४६ सालचा, आणि तोही कलकत्त्यातला. पुढे ती इंग्लंडला गेली, लेस्ली स्टीफन या नावाजलेल्या लेखक-संपादकाशी तिचं लग्न झालं. दोघांचंही हे दुसरं लग्न, त्यामुळे घरात सावत्र-सख्खी मिळून आठ पोरं. २५ जानेवारी १८८२ ला लंडनमध्ये व्हर्जिनिया जन्मली.

ज्युलियाला आजारी माणसांची शुश्रूषा करायची भारी आवड. नात्यात, ओळखीत कुणी आजारी पडलं की ही हजर. व्हर्जिनिया वर्षाची होती तेव्हा, १८८३ मध्ये, ज्युलियाने रुग्णसेवेवर एक छोटंसं पुस्तकही काढलं. त्यात तिने चक्क अंथरुणात सांडणाऱ्या ब्रेडच्या चुऱ्यावर लिहिलंय. रोग्याला तो चुरा किती छळतो, आणि निरोग्यांना त्याचं काहीच कसं वाटत नाही, यावर. ज्याच्या उशाशी आपण बसलोय त्याच्याकडे नीट बघा, असं सांगणारी ही बाई.

पण ५ मे १८९५ ला ज्युलिया वारली. व्हर्जिनिया तेव्हा १३ वर्षांची होती.

आई गेल्यावर पोर रडणार, गप्प होणार, हे सगळे धरून चालतात. व्हर्जिनियाचं मात्र त्यापलीकडे गेलं. छातीत धडधड, माणसांची भीती, कुणी नुसतं बोललं तरी लाल होणारा चेहरा, आणि सतत स्वतःला दोष देणं. डॉक्टरांनी अभ्यास बंद करायला सांगितला आणि मोकळ्या हवेत फिरवा म्हणाले. सावत्र बहीण स्टेला तिला रोज बाहेर घेऊन जायची. आईची जागा स्टेलाने घेतली होती. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, स्टेलाही गेली.

याच घरात सावत्र भावांकडून झालेल्या लैंगिक छळाबद्दल व्हर्जिनियाने पुढे स्वतः लिहून ठेवलंय. त्या काळी ते ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं.

फेब्रुवारी १९०४ मध्ये वडील वारले आणि काही महिन्यांतच तिचं मन पुन्हा कोलमडलं. या वेळी भासही होते. बाहेरचे पक्षी ग्रीक भाषेत गात आहेत असं तिला ऐकू यायचं. व्हायोलेट डिकिन्सन या मैत्रिणीने तिला आपल्या घरी नेऊन सांभाळलं. घरचे डॉक्टर होते जॉर्ज सॅव्हेज. हे लंडनमधलं मोठं नाव, बेथलेम या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाचे ते प्रमुख राहिलेले. त्यांचा आणि त्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांचा उपाय एकच होता, विश्रांती. अंधारी खोली, पलंग, भरपूर दूध, आणि लिहिणं-वाचणं बंद.

ज्या बाईचं सगळं जगणं लिहिण्या-वाचण्यात होतं, तिच्यासाठी ही शिक्षाच होती. तिला या उपचाराचा आयुष्यभर राग होता, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण त्याच विश्रांतीने तिला अनेकदा सावरलं, हेही खरं.

सिलोनहून आलेला नवरा

लेनर्ड वूल्फ व्हर्जिनियाच्या भावाचा, थोबीचा, केंब्रिजमधला मित्र. १९०४ मध्ये तो सरकारी नोकरीवर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. जाफना, कँडी आणि मग हंबनटोटा. तिथे तो तमिळ शिकला, सिंहली शिकला. हंबनटोट्यात तो एका अख्ख्या जिल्ह्याचा साहेब होता. मिठागरं, जनावरांचे रोग, खटले, सगळं त्याच्याकडे. आणि तिथल्या अधिकाऱ्याला रोज काय पाहिलं, काय केलं याची सरकारी डायरी लिहावी लागायची. लेनर्डच्या त्या डायऱ्या पुढे छापूनही आल्या.

हा माणूस मुळातच हिशेबी. घरखर्च, बागेतली फळं, पुढे मोटार घेतल्यावर तिचे मैल, सगळ्याची टिपणं ठेवणारा. त्याच्या काटेकोरपणाची मित्रमंडळीत चेष्टा व्हायची.

१९११ मध्ये तो रजेवर लंडनला आला, व्हर्जिनियाला भेटला आणि परत गेलाच नाही. नोकरीचा राजीनामा दिला. १० ऑगस्ट १९१२ ला दोघांचं लग्न झालं. ती तेव्हा ३० वर्षांची होती, तो ३१ वर्षांचा.

तिला यापूर्वी त्रास झालाय हे त्याला माहीत होतं. किती, हे मात्र लग्नानंतर कळलं.

१९१३ च्या सुरुवातीला व्हर्जिनियाने पहिली कादंबरी पूर्ण करून प्रकाशकाला दिली. खरं तर आनंदाची वेळ. पण तिची डोकेदुखी सुरू झाली, झोप उडाली, जेवण नकोसं झालं. आपलं पुस्तक वाचून सगळे हसतील, असं तिला वाटायला लागलं. लेनर्डने नोंदी सुरू केल्या त्या याच काळात.

त्याला काय दिसत होतं?

लेनर्डने म्हातारपणी आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याने तिच्या आजाराची लक्षणं ज्या क्रमाने मांडलीत, तो क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी डोकं दुखायचं. तेही कपाळ नाही, डोक्याची मागची बाजू, मानेच्या वर. मग झोप उडायची. मग विचार धावायला लागायचे, एकावर एक, थांबता थांबायचे नाहीत. ही पहिली घंटा. त्याच वेळी सगळं सोडून ती अंथरुणाला टेकली, अंधाऱ्या खोलीत पडून राहिली, दूध प्यायली, नीट जेवली, तर आठवडा-दहा दिवसांत गाडी रुळावर यायची.

तिथे दुर्लक्ष झालं, की पुढचा टप्पा. बोलणं बंद. जेवायला नकार. आपण आजारी नाहीच, हे आपल्याच पापाचं फळ आहे, असा ठाम समज.

जेवणाचं तर असं, की तिच्यासमोर ताट ठेवून उठून गेलं तर ती काही खायची नाही. लेनर्ड शेजारी बसायचा, हातात चमचा द्यायचा, अधूनमधून हळूच हाताला स्पर्श करून आठवण करायचा. एकेका जेवणाला तास-दोन तास लागायचे. हे एक-दोन दिवस नाही, कित्येक आठवडे चाललं.

आता या यादीत एक गोष्ट बघा. तिने मला उदास वाटतंय असं सांगितलं, हे यात कुठेच नाही. सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी आहेत. झोप, ताट, बोलणं, डोकं. आणि त्या दिसायच्या कुणाला, तर जो रोज सोबत आहे त्याला. महिन्यातून एकदा अर्धा तास तपासणाऱ्या डॉक्टरला नाही. त्यातून व्हर्जिनिया बोलायला हुशार. डॉक्टरसमोर, पाहुण्यांसमोर ती छान गप्पा मारायची.

आजचं मानसशास्त्रही याच गोष्टी विचारतं. किमान दोन आठवडे मन खिन्न किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बदल, अपराधी वाटणं, हालचाली मंदावणं, मरणाचे विचार. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तर स्वतःबद्दल नीट सांगताच येत नाही. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात एक प्रश्नावली तयार झाली, तिचा मोठा भाग रोग्याला नाही तर त्याला सांभाळणाऱ्या माणसाला विचारला जातो. आपल्याकडेही घरच्यांना असं काही दिसत असेल तर वाट बघत बसायची गरज नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं, आणि रोग्याऐवजी घरचा माणूसही फोन करू शकतो.

लेनर्डकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होती ती डायरी आणि एकमेकांशी न जुळणारी मतं देणारे डॉक्टर. मूल होऊ द्यावं का, यावर त्याने चार ठिकाणी विचारलं, तर कुणी खुशाल होऊ द्या म्हणालं, कुणी अजिबात नको. शेवटी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरलं. व्हर्जिनियाला ते आयुष्यभर सलत राहिलं. हा निर्णय मुख्यतः लेनर्डचा होता, आणि त्यावरून त्याला नावं ठेवणारे अभ्यासक कमी नाहीत.

९ सप्टेंबर १९१३

ऑगस्टमध्ये लेनर्ड तिला सॉमरसेटमधल्या एका खेड्यात हवापालटासाठी घेऊन गेला. तिथे तब्येत आणखी बिघडली. का कॉक्स नावाची मैत्रीण मदतीला आली. तरी व्हर्जिनिया म्हणत राहिली की मला काही झालेलं नाही.

लेनर्डने एक तोड काढली. डॉक्टर तू निवड. तो म्हणाला तू ठणठणीत आहेस, तर मी गप्प बसतो. तो म्हणाला आजारी आहेस, तर तू उपचार घ्यायचे. ती तयार झाली.

९ सप्टेंबरला लंडनमध्ये त्यांनी दोन डॉक्टर गाठले. दोघांनीही सांगितलं की ती आजारी आहे, आणि सर्दी-तापासारखीच बरीही होईल.

म्हणजे लेनर्डने जे बघितलं होतं ते बरोबर ठरलं. पण त्याच संध्याकाळी व्हर्जिनियाने आयुष्य संपवायचा प्रयत्न केला. लेनर्ड औषधांची पेटी नेहमी कुलूप लावून ठेवायचा. त्या दिवशीच्या धावपळीत ती उघडी राहिली होती. तो घरी नव्हता, सॅव्हेजना भेटायला गेला होता. का कॉक्सला ती बेशुद्ध दिसली. त्याच घरात वरच्या मजल्यावर जेफ्री केन्स हा तरुण डॉक्टर राहायचा, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सचा धाकटा भाऊ. त्याने आणि लेनर्डने रात्रीतून इस्पितळातून सामान आणलं आणि तिचा जीव वाचला.

तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि तो १९६१ पर्यंत गुन्हाच राहिला. अशा रोग्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकायची पद्धत होती. लेनर्ड दोन-तीन ठिकाणं स्वतः बघून आला, ती त्याला इतकी भयाण वाटली की त्याने नकार दिला. एका नातलगाच्या मोठ्या घरात, चार नर्स ठेवून, त्याने तिला तिथेच सांभाळलं.

१९१५ मध्ये पुन्हा तेच. या वेळी उलट्या टोकाने सुरुवात झाली. ती दोन-तीन दिवस अखंड बोलत होती, मग शब्दांचे अर्थच सुटले. पुढचे काही आठवडे तर तिने लेनर्डचं तोंडही बघायला नकार दिला. तिच्यासाठी सगळं सोडलेल्या माणसाने तेही सहन केलं. अतिउत्साह आणि खोल उदासी अशी दोन टोकं पाहून आज बरेच जण तिच्या आजाराला बायपोलर म्हणतात. मेलेल्या माणसाला असं नाव देणं तसं धोक्याचंच. तिच्या डॉक्टरांनी तेव्हा न्यूरास्थेनिया म्हटलं होतं, आणि लेनर्डला तो शब्द कधीच पुरेसा वाटला नाही.

छापखाना हेही औषध

या आजारपणाच्या जरा आधी, जानेवारी १९१५ मध्ये, व्हर्जिनियाच्या वाढदिवसाला चहा पिताना दोघांनी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. रिचमंडमधलं हॉगार्थ हाऊस घ्यायचं, छापाईचं यंत्र घ्यायचं आणि एक बुलडॉग पाळायचा. यंत्र यायला १९१७ उजाडलं. जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं ते हातयंत्र होतं.

लेनर्डचा हिशेब सरळ होता. दिवसभर डोक्याने काम करणाऱ्या बाईला दुपारी हाताचं काम हवं. खिळे जुळवताना विचार धावत नाहीत. दोघांनी मिळून पहिलं पुस्तक छापलं, त्याच्या १५० प्रती काढल्या. पुढे याच हॉगार्थ प्रेसने एलियटची कविता छापली आणि फ्रॉइडची पुस्तकं इंग्रजीत आणली. फ्रॉइडची प्रकाशक असून व्हर्जिनिया स्वतः कधी मनोविश्लेषणाच्या वाटेला गेली नाही. १९३९ मध्ये दोघं फ्रॉइडला भेटले, तेव्हा म्हाताऱ्याने तिला एक फूल दिलं.

यानंतरची वीसेक वर्षं तिच्या मोठ्या कादंबऱ्यांची. याच काळात लेनर्डची पाळत सर्वांत जास्त दिसते आणि खुपतेही. पार्टीतून अकरा वाजता उठायचं. पाहुणे मोजकेच. डोकं दुखलं की लिहिणं बंद. तिच्या मैत्रिणींना तो जेलरच वाटायचा. तिलाही अधूनमधून वाटायचा. पण एक गोष्ट नाकारता येत नाही, की १९१५ नंतर २५ वर्षं तिचं मन तसं पूर्ण कोलमडलं नाही. १९२५ च्या उन्हाळ्यात भाच्याच्या वाढदिवसाला ती चक्कर येऊन पडली आणि कित्येक महिने अंथरुणात गेली, तेव्हाही ती सावरली, आणि त्याच दुखण्यातून आजारपणावरचा तिचा प्रसिद्ध निबंध आला.

त्याच वर्षी आलेल्या मिसेस डॅलोवे या कादंबरीत तिने सगळा राग काढला. त्यात युद्धावरून परतलेला सेप्टिमस आहे. त्याची बायको रेझिया बघतेय की हा एकटाच बोलतो, नसलेली माणसं बघतो. आणि डॉक्टर होम्स म्हणतात की त्याला काहीही झालेलं नाही. घरच्या माणसाला जे दिसतं ते डॉक्टरला दिसत नाही, हे व्हर्जिनियाने रोग्याच्या बाजूने लिहिलं, पण रेझियाचा एकटेपणाही तिने सोडला नाही.

लेनर्डच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. पुस्तक लिहिताना ती ठीक असायची, धोका असायचा तो पुस्तक संपल्यावर. १९३६ मध्ये द इयर्स या कादंबरीच्या मुद्रितांनी तिला अगदी काठावर आणलं. लेनर्डने ती मुद्रितं वाचली आणि पुस्तक चांगलं आहे असं सांगितलं. त्याला ते तेवढं चांगलं वाटलं नव्हतं, हे त्याने नंतर कबूल केलं. नापसंती दाखवली असती तर काय झालं असतं हे त्याला माहीत होतं.

१९४१

मग दुसरं महायुद्ध आलं. लंडनमधली त्यांची घरं बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली. दोघं ससेक्समधल्या रॉडमेल गावातल्या मंक्स हाऊसमध्ये राहत होते. डोक्यावरून जर्मन विमानं जायची. लेनर्ड ज्यू होता, हिटलर इंग्लंडमध्ये उतरला तर आपलं काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

१९४१ च्या सुरुवातीला तिने शेवटची कादंबरी संपवली. पुन्हा तीच धोक्याची वेळ. जानेवारीत तिच्याच डायरीत उदासीशी झगडा चालल्याची नोंद आहे. मार्चमध्ये ती खंगली होती. १८ मार्चला लेनर्डने डायरीत तिला बरं नसल्याचं लिहिलं. त्याच सुमाराला ती फिरून आली ती चिंब भिजून, आणि पाण्याच्या चरात पडले असं म्हणाली.

लेनर्डला सगळं दिसत होतं. पण करायचं काय? १९१३ त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तेव्हा तिला आजारी आहेस असं ठासून सांगितल्यावर त्याच संध्याकाळी ती मरणाच्या दारात गेली होती. आता नर्स आणून चोवीस तास पहारा बसवला तर तेच होईल का? आणि नाही बसवला तर?

ऑक्टेव्हिया विल्बरफोर्स ही ब्रायटनमधली डॉक्टर दोघांची मैत्रीण होती. आपल्या गायींचं दूध-साय ती व्हर्जिनियासाठी आवर्जून पाठवायची. २७ मार्चला लेनर्ड व्हर्जिनियाला घेऊन तिच्याकडे गेला. ऑक्टेव्हिया स्वतः तापाने झोपून होती, तरी उठून तिने तपासलं. व्हर्जिनिया म्हणत राहिली की मला काही झालेलं नाही. तपासणीनंतर लेनर्ड आणि ऑक्टेव्हिया यांनी वेगळं बोलून ठरवलं की इतक्यात जबरदस्ती नको, एक-दोन दिवस थांबू.

दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला सकाळी, व्हर्जिनिया घरातून बाहेर पडली ती परत आली नाही. ती ५९ वर्षांची होती. लेनर्डसाठी आणि बहीण व्हनेसासाठी तिने पत्रं ठेवली होती. तीन आठवड्यांनी तिचा मृतदेह उझ नदीत सापडला.

लेनर्ड त्यानंतर २८ वर्षं जगला, त्याच घरात. ८० च्या आसपास पोचल्यावर त्याने त्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि त्यांच्या आधारे आत्मचरित्राचे पाच खंड लिहिले. डोक्याच्या मागच्या बाजूच्या त्या दुखण्यापासून सगळं त्यात आलं. शेवटचा खंड १९६९ मध्ये आला, त्याच वर्षी तो वारला. त्यात २७ मार्चच्या त्या दुपारबद्दल त्याने लिहिलंय की थांबायचा तो निर्णय चुकला. त्याच परिच्छेदात त्याने हेही मांडलंय, की पहारा बसवला असता तर तिला तो सोसला नसता.